गावाजवळ हायवेवर पेट क्लिनिक अन् पेट रिसॉर्ट निघालंय, लग्नाला जाताना कुत्रा तिथं ठेवावा का?

तुमचा प्रश्न मोठा आहे म्हणून पहिले छोटा करून घेतो. तालुक्याजवळ हायवेवर प्राण्यांचा खासगी दवाखाना अन् त्याच्याच आवारात पेट रिसॉर्ट सुरू झालं, मे महिन्यात पुण्याला साळ्याचं लग्न, घरचे सगळे आठ दिवस जाणार, घरी एक दीड वर्षाचा लॅब्राडोर, वावरातला एक गावरान कुत्रा अन् एक मांजर. यांना तिथं ठेवावं का, अन् गावात सरकारी दवाखाना असताना खासगीत पैसे काहून घालायचे, असं तुमचं विचारणं आहे.

माझं मत असं, नवीन दवाखान्याचा फायदा बिनधास्त घ्या, रिसॉर्टमध्ये फक्त लॅब्राडोर ठेवा अन् तोही आधी जाऊन सगळं डोळ्यानं पाहून, गावरान अन् मांजर घरीच राहू द्या. आम्ही टिपेश्वर अभयारण्याच्या कडेचे, घरी अन् वावरात मिळून कुत्रे कायमच असतात, चुलतभाऊ पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक आहे, त्यामुळे या विषयावर आमच्याकडं जेवताना पण चर्चा चालते, बायको वैतागते.

पहिले सरकारी दवाखान्याचं. लोक ढोरांचा दवाखाना म्हणून नाक मुरडतात पण मी त्यातला नाही. श्रेणी 1 च्या दवाखान्यात डॉक्टर असतो, पशुधन विकास अधिकारी म्हणतात त्याला, श्रेणी 2 मध्ये बहुतेक ठिकाणी पर्यवेक्षकच सगळं पाहतो. त्या एका माणसाच्या मागं आजूबाजूची गावं, ढोरांचं लसीकरण, कानातले टॅग, कृत्रिम रेतन, वरून ऑनलाइन एंट्र्या. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा हीच मंडळी गोठ्या गोठ्यात फिरली. 1962 या नंबरवर फोन लावला तर फिरतं पथक येते, पण ते मुख्य करून गाईम्हशींसाठी आहे. कुत्र्याची रेबीजची लस पण सरकारी दवाखान्यात मिळू शकते, अन् 6 जुलैला प्राणीजन्य आजार दिन असतो, 1885 मध्ये त्या दिवशी लुई पाश्चरनं एका पोराला पहिल्यांदा रेबीजची लस दिली होती, त्या दिवशी पुष्कळ ठिकाणी फुकट लसीकरणाचं शिबिर लागते. ते चुकवू नका.

पण सोनोग्राफी, एक्स-रे, रक्ताची तपासणी म्हटली की गावातला दवाखाना संपला. मग जिल्ह्याचं चिकित्सालय, नाहीतर अकोल्याची पदव्युत्तर संस्था, नाहीतर नागपूरचं पशुवैद्यकीय कॉलेज, सेमिनरी हिल्सवालं, 1958 पासूनचं. काम चांगलं असते तिथं, अंतर हीच अडचण. आता समजा कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला. नसबंदी न केलेल्या, जरा वय झालेल्या कुत्रीला माजावर येऊन गेल्यावर महिना दोन महिन्यात हे होऊ शकते, ती पाणी लय पिते, खाणं सोडते, सुस्त पडते, कधी मागून घाण येते तर कधी काहीच दिसत नाही. सोनोग्राफीत ते पटकन कळते अन् बहुतेक वेळा ऑपरेशन करून गर्भाशय काढावं लागते. आपण इथं दोन दिवस उन्हानं सुस्त झाली म्हणत बसतो. म्हणून तुमच्या तालुक्याला या नवीन दवाखान्यात सोनोग्राफीची अन् रक्त तपासायची मशीन आली ही खरी बातमी आहे. त्यांच्या जाहिरातीच्या पत्रकात मात्र सगळ्यात मोठ्या अक्षरात स्विमिंग पूल, वाढदिवसाचा केक अन् सेल्फी पॉइंट. ते मालकाच्या हौसेचं आहे, चालू द्या.

आता तिथं जाऊन काय पाहायचं. सगळ्यात आधी फ्रिज पहा. लस 2 ते 8 डिग्रीत राहावी लागते, अन् आपल्याकडं उन्हाळ्यात लाइन किती जाते हे मी सांगायला नको. लाइन गेल्यावर फ्रिज कशावर चालतो, इन्व्हर्टर आहे की देवाच्या भरवशावर, हे सरळ विचारा, चांगला डॉक्टर रागवत नाही, उलट थर्मामीटर काढून दाखवते. लस टोचल्यावर बाटलीवरचं स्टिकर, म्हणजे बॅच नंबर अन् एक्सपायरी, पुस्तिकेत चिकटवलं पाहिजे, सोबत डॉक्टरची सही अन् रजिस्ट्रेशन नंबर. पशुवैद्यकाची नोंदणी 1984 च्या कायद्यानं लागते, बोर्डावर एकाचं नाव अन् आत सुई टोचणारा दुसराच असं असेल तर निघून या.

लस जायच्या आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नाही. पुस्तिकेत तारीख पडते पण अंगात ताकद यायला वेळ लागतो, रेबीजचा पहिला डोस असेल तर तीन-चार आठवडे धरून चाला. पिल्लाचं वेगळं असते, सहा-आठ आठवड्यांपासून पार्वो (रक्ताची हगवण) अन् डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आजारांची लस सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत द्यावी लागते, अन् रेबीज तीन महिन्यांचं झालं की. तुमचा दीड वर्षाचा आहे, बूस्टर झाला का ते पुस्तिकेत पहा, नसेल तर एप्रिलच्या सुरुवातीलाच उरकून घ्या. अन् उलटं पण लक्षात ठेवा, जे रिसॉर्ट तुम्हाला लसीची पुस्तिका मागतच नाही ते दुसऱ्यालाही मागत नसणार, म्हणजे तुमच्या कुत्र्याच्या शेजारी कोण बांधलं आहे काहीच सांगता येत नाही.

पार्वोचं एक सांगतो कारण बरेच लोक इथं फसतात. फिनाईलचा वास आला म्हणजे जागा स्वच्छ, असं आपल्या डोक्यात बसलं आहे. पार्वोचा विषाणू साध्या फिनाईलनं मरत नाही, जमिनीत अन् फरशीच्या फटीत महिनोन्महिने राहते. त्याला ब्लीच लागते, पहिले घाण धुवायची, मग ब्लीच पाण्यात मिसळून दहा मिनिटं राहू द्यायचं, मग धुवायचं. हे काम करणाऱ्या पोराला विचारा, मालकाला नका विचारू, की दोन कुत्र्यांच्या मधात पिंजरा कशानं धुतो रे. पोरगं बरोबर सांगून टाकते. अन् आजारी कुत्र्याची ये-जा कुठून आहे ते पहा. दवाखाना अन् हॉस्टेल एकाच आवारात असण्याचा फायदा आहे तसा धोकाही आहे, रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू ज्या दारातून आलं त्याच दारातून तुमचा लॅब्राडोर आत जाणार असेल तर तो एसी रूम काय कामाचा. दार वेगळं पाहिजे, भांडी वेगळी पाहिजे, आजारी वॉर्डात काम करणारा माणूस पण शक्य तो वेगळा पाहिजे.

आता उन्हाळा. मे महिना, नवतपा, आपल्याकडं पारा 45 च्या वर जाते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजाच्या तळव्यातून थोडासा येते तेवढाच, बाकी सगळं जीभ काढून धापा टाकून थंड व्हायचं. म्हणजे जिभेवरचं पाणी वाळलं पाहिजे. आता बंद खोलीत डेझर्ट कूलर लावला, खिडकी नाही, एक्झॉस्ट नाही, तर खोलीत ओल भरते, ते पाणी वाळत नाही अन् कूलरसमोर बसून पण कुत्रा तापते. लोकांना हे पटत नाही, म्हणतात कूलर तर फुल चालू होता. म्हणून एसी असेल तर चालू असलेला पहा अन् लाइन गेल्यावर काय करता ते विचारा, कूलर असेल तर हवा बाहेर जायची जागा पहा. वर टिनाचं शेड असेल अन् खाली काही लावलेलं नसेल तर पुढचं विचारूच नका. दुपारी अकरा ते पाच बाहेर काढत नाहीत ना, डांबरी रस्त्यावर फिरवत नाहीत ना, न्यायला येणाऱ्या गाडीत मागं हवा लागते का, हे पण. लॅब्राडोरचं अंग जाड अन् खेळायचा सोस भारी, तो स्वतःहून थांबत नाही, थांबवावं लागते. पगसारखा चपट्या नाकाचा असता तर मी मे महिन्यात ठेवूच नका म्हटलं असतं.

उष्माघाताची निशाणी तुमच्या घरी पण माहीत असू द्या, धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, चिकट लाळ, पाय लटपटतात, उलटी. कुत्र्याचं साधं टेंपरेचर 101 ते 102.5 फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्या हाताला तो नेहमीच गरम लागते, हातानं ताप पाहू नका. 104 च्या पुढं गेलं की साधं पाणी अंगावर टाकत, पोट, जांघा, पंजे ओले करत, पंख्याखाली ठेवत दवाखान्यात पळायचं, प्यायला थोडं थोडं द्यायचं, शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

रात्रीचं विचारा. रात्री तिथं कोण झोपते? डॉक्टर संध्याकाळी घरी जाणार हे धरूनच चाला, पण एक माणूस कुत्र्यांजवळ हवा अन् त्याच्याकडं डॉक्टरचा नंबर हवा. सीसीटीव्ही आहे म्हणतील, पण तुम्ही पुण्यात वरातीत नाचत असताना मोबाइलवर पाहून काय करणार. आमच्यासारख्या जंगलाच्या कडेला असेल तर कंपाउंडची उंची अन् वरची जाळी पण पहा, बिबट्याला कुत्रा म्हणजे सोपं खाणं.

कागद भरून घेतात त्यात तातडीत उपचार करायची परवानगी अन् किती खर्चापर्यंत विचारायचं नाही हे लिहून द्या, गावातल्या एका जबाबदार माणसाचा नंबर द्या, तुमचा फोन गाडीत लागेलच असं नाही. खाणं घरचंच न्या, अचानक बदललं की पोट बिघडते, अन् मग तिथले म्हणतात तुम्ही आणलं तेव्हाच बिघडलं होतं. एक रात्र आधी ठेवून पहा. आला तेव्हा दमला, झोपला, खाल्लं, तर ठीक. आवाज बसला असेल, नाक घासून सोललं असेल तर त्याला तिथं जमत नाही.

घरी आणल्यावर एक-दोन आठवडे खोकल्याकडं लक्ष द्या, हॉस्टेलमधून खोकला घेऊन येणं सामान्य आहे. अन् गोचीड शोधा, कानात, बोटांच्या मधात, शेपटीखाली. गोचीडताप चावल्या चावल्या येत नाही, एक ते तीन आठवड्यांनी येते, तेव्हा कोणाच्या लक्षातही नसते की कुत्रा बाहेर राहून आला होता. ताप, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, लघवी काळपट, यातलं काही दिसलं की रक्त तपासा. मशीन आलीच आहे जवळ. गोळ्या साधारण महिनाभर चालतात, चार दिवसात उड्या मारायला लागला म्हणून बंद करू नका.

गावरानाला रिसॉर्टात नेऊ नका असं म्हणतो ते पैशासाठी नाही. ज्यानं जन्मभर जागलीवर मोकळं फिरून रोही अन् रानडुक्कर हाकलले त्याला चार बाय सहाच्या पिंजऱ्यात ठेवलं तर तो खाणार नाही, कोणाला तरी चावेल. त्याच्यासाठी सालदाराला किंवा शेजाऱ्याला सांगा, दोन टायमाची भाकर, सावलीत पाण्याचं टाकं, बस. पण त्याची रेबीजची लस लॅब्राडोरच्या आधी झाली पाहिजे, कारण जंगलातल्या अन् गावातल्या दुसऱ्या कुत्र्यांशी गाठ त्याचीच पडते. तो सालदाराला चावला तर जखम नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची अन् माणसांच्या सरकारी दवाखान्यात लस घ्यायची, मिरची-चुना लावत बसायचं नाही, लस घेतलेला कुत्रा आहे म्हणून टाळायचं पण नाही.

त्याच गावरानासाठी या नवीन दवाखान्यात दोन गोष्टी विचारून ठेवा, सापाची लस, म्हणजे साप चावल्यावर द्यायचं इंजेक्शन, अन् अॅट्रोपिन तुमच्याकडं असते का. नाग, मण्यार, घोणस तिन्ही आपल्या वावरात आहेत, माणसाला देतात तीच सापाची लस कुत्र्यालाही देतात. अॅट्रोपिन हे फवारणीच्या विषावरचं औषध, ते फवारणीच्या दिवसांसाठी. पऱ्हाटीवर मारायच्या औषधाचा डबा चाटला, लाळ गळते, डोळ्याची बाहुली बारीक होते, अंग थरथरते, अशा वेळी मिठाचं पाणी, ताक, तेल काही पाजू नका, ते छातीत जाते. डबा सोबत घेऊन जा, औषधाचं नाव पाहून डॉक्टर उपचार ठरवते.

राहिली मांजर. मांजर जागेला धरून असते, आठ दिवस कुत्र्यांच्या भुंकण्यात ठेवली तर कोपऱ्यात बसून उपाशी राहील, अन् मांजरीनं दोन-तीन दिवस खाणं सोडलं की लिव्हर बिघडू शकते. तिला घरीच ठेवा, शेजारणीला किल्ली द्या, दिवसातून दोनदा येऊन खायला टाकेल. फक्त निघायच्या आधी कुत्र्याचं गोचीडाचं औषध तिला लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर मरू शकते, अन् ताप आला वाटलं तर पॅरासिटामॉल अजिबात नाही, मांजरीला ते विष आहे, हे शेजारणीला पण सांगून जा कारण तिच्या फळीवर ती गोळी असतेच.