पियानोवादक आलिसिया दे लारोचा यांची कारकीर्द कशी घडली, आणि त्या स्पॅनिश होत्या म्हणूनच अल्बेनिझ व ग्रानादोस या स्पॅनिश संगीतकारांच्या रचनांचे त्यांचे वादन श्रेष्ठ मानले जाते का?

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: माझ्या मते नाही. जन्माने स्पॅनिश असलेले चांगले पियानोवादक त्यांच्या आधीही होते आणि नंतरही झाले. आलिसिया दे लारोचा यांचे वेगळेपण त्यांना मिळालेल्या तालमीत आहे, आणि ती तालीम समजून घ्यायची तर त्यांच्या जन्माच्या थोडे मागे जावे लागते.

एन्रिके ग्रानादोस या संगीतकाराने 1901 मध्ये बार्सिलोनात पियानोशिक्षणाची एक अकादमी सुरू केली. ग्रानादोस स्वतः उत्तम वादक होता आणि पेडलच्या, म्हणजे स्वर लांबवणाऱ्या पियानोच्या पायपट्टीच्या, वापराविषयी त्याचा विचार इतका बारकाईचा होता, की त्यावर त्याने स्वतंत्र लेखन केले. 1916 च्या जानेवारीत त्याच्या 'गोयेस्कास' या ऑपेराचा पहिला प्रयोग न्यूयॉर्कमध्ये झाला. त्यानंतर अध्यक्ष विल्सन यांच्याकडून व्हाइट हाउसमध्ये वादनाचे निमंत्रण आल्यामुळे त्याने परतीचा प्रवास लांबवला, ठरलेले जहाज हुकले आणि तो इंग्लंडमार्गे निघाला. 24 मार्च रोजी इंग्लिश खाडीत 'ससेक्स' या जहाजावर जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो डागला आणि ग्रानादोस व त्याची पत्नी दोघेही बुडाले. अकादमी मात्र बंद पडली नाही. त्याचा शिष्य फ्रँक मार्शल याने ती पुढे चालवली आणि कालांतराने ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

आलिसिया यांचा जन्म 23 मे 1923 रोजी बार्सिलोनातच झाला. त्यांची आई आणि मावशी या दोघी ग्रानादोसच्या शिष्या होत्या, त्यामुळे घरात पियानो होताच. तीन वर्षांच्या आलिसियाने पियानोची नासधूस करू नये म्हणून मावशीने त्याला कुलूप लावले, तेव्हा मुलीने रक्त येईपर्यंत जमिनीवर डोके आपटले, अशी आठवण सांगितली जाते. त्यानंतर त्यांना मार्शलकडे शिकायला पाठवण्यात आले. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी ऑर्केस्ट्रासह वादन केले होते.

आपल्याकडील घराण्यांप्रमाणे येथेही विद्या गुरूकडून शिष्याकडे प्रत्यक्ष आली. पण मार्शलने या मुलीला आरंभीच स्पॅनिश रचना दिल्या नाहीत. बाख, मोझार्ट यांच्यावर हात बसल्यावरच त्या आल्या, आणि ज्याला बाख व मोझार्ट नीट वाजवता येत नाहीत त्याला स्पॅनिश संगीतही वाजवता येणार नाही, असे आलिसिया यांचे पुढेही ठाम मत होते. 'झणझणीत' वाजवले की स्पॅनिश झाले, असे मानणाऱ्या वादकांना मी ऐकतो तेव्हा हे मत मला फार मोलाचे वाटते.

अल्बेनिझची 'इबेरिया' घ्या. 1905 ते 1908 या काळात लिहिलेल्या या बारा रचनांत दोन्ही हात वारंवार एकमेकांवर येतात, स्वरलिपीच्या तीन ओळींवर लिहिलेला मजकूर दोन हातांनी वाजवावा लागतो, आणि या गर्दीतून नृत्याचा ठेका सुटून चालत नाही. आलिसिया यांची उंची पाच फुटांहून कमी आणि हात लहान. परंतु करंगळी लांब होती आणि अंगठा व तर्जनी यांच्यातील ताण विलक्षण होता. त्यांच्या वादनात खालचा ठेका शांतपणे चालू राहतो, वरची सुरावट मोकळेपणाने पुढेमागे होते आणि पेडल असूनही स्वर एकमेकांत कालवले जात नाहीत. हे मोझार्टच्या तालमीचे आणि ग्रानादोसच्या पेडलविचाराचे एकत्रित फळ आहे, असे मला वाटते.

बाहेरच्या जगाला त्या सावकाश कळल्या. 1947 पासून त्यांचे परदेश दौरे सुरू झाले. 1950 मध्ये त्यांनी पियानोवादक हुआन तोरा यांच्याशी विवाह केला आणि 1959 मध्ये मार्शलच्या निधनानंतर अकादमीची जबाबदारी स्वीकारली. अमेरिकेत त्यांना खरी लोकप्रियता चाळिशी ओलांडल्यावर मिळाली. नंतरच्या काळात न्यूयॉर्कच्या मोझार्ट महोत्सवात त्या वर्षानुवर्षे वाजवत होत्या, ही बाब त्यांना केवळ 'स्पॅनिश संगीताच्या तज्ज्ञ' ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. बीथोव्हेनच्या पाचही पियानो कॉन्चेर्टोंबरोबर (ऑर्केस्ट्रासह वाजवायच्या रचना) ब्राम्स आणि रखमानिनोव्ह यांच्या अवाढव्य रचनाही त्यांनी वाजवल्या. चार ग्रॅमी आणि 1994 चा प्रिन्स ऑफ आस्तुरियास पुरस्कार त्यांना मिळाला. समकालीन संगीतकारांशीही त्यांचे जवळचे नाते होते: फेदेरिको मोंपू याने आपल्या 'मुझिका कायादा' या पियानोरचनांची चौथी वही त्यांना अर्पण केली आहे. 2003 मध्ये, ऐंशीव्या वर्षी, त्यांनी मंच सोडला. 25 सप्टेंबर 2009 रोजी बार्सिलोनातच त्यांचे निधन झाले. तरुणपणी त्यांनी स्वतःही बऱ्याच रचना केल्या होत्या, पण हयातीत त्यांचा कधी गाजावाजा केला नाही.

आपण नव्याने ऐकणार असाल, तर 'इबेरिया'चे बाराही भाग सलग ऐकण्याचा हट्ट धरू नये. कान थकतो आणि सगळे सारखे वाटू लागते. आधी ग्रानादोसच्या 'गोयेस्कास' या (ऑपेराच्याच नावाच्या) पियानोसंग्रहातील तरुणी आणि बुलबुल यांचा भाग ऐकावा, मग त्यांनीच वाजवलेला मोझार्टचा एखादा सोनाटा, आणि त्यानंतर 'इबेरिया'तील 'त्रियाना'. याच क्रमाने ऐकल्यास मार्शलने आधी मोझार्ट का शिकवला असेल, हे कानालाच कळते.