केमिकलनं मातीतलं रेडिएशन धुऊन निघतं का?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. तिचं म्हणणं, जपानमधे २०११ ला फुकुशिमात अणुभट्टीचा अपघात झाला तिथली शेतं केमिकलनं धुऊन काढायला पाहिजे होती. खरंच जमतं का असं? आणि आपल्या काळ्या रानात जमलं असतं का?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर: दादा, मुलीनं फार नेमकं विचारलंय. पहिली गोष्ट, कुठलंच केमिकल किरणोत्सार संपवत नाही, ते फक्त त्या अणूंना मातीतून सोडवून पाण्यात आणतं, मग त्या पाण्यातलं सीझियम (फुकुशिमाच्या मातीत पडलेला मुख्य किरणोत्सारी धातू) प्रशियन ब्ल्यू नावाच्या निळ्या रंगद्रव्यावर पकडायचं आणि तो गाळ वर्षानुवर्षं सांभाळायचा, कारण त्यातला जास्त टिकणारा प्रकार, सीझियम-१३७, निम्मं व्हायलाच ३० वर्षं लागतात.

अडचण सुटण्यातच आहे. सीझियम वागतं पोटॅशियमसारखं आणि चिकणमातीत, खास करून अभ्रकाच्या जातीच्या खनिजांच्या पापुद्र्यांत जाऊन अडकतं. अमोनियमच्या क्षारानं थोडंफार निघतं, बाकीच्याला गरम कडक ॲसिड लागतं, आणि तसल्या मातीत नंतर ज्वारी काय उगवणार? त्यात आपल्याकडं चुनखडी, म्हणजे बरंचसं ॲसिड फसफसून तिथंच संपणार. वाळूची जमीन असेल तर वाळू धुऊन वेगळी काढता येते, सीझियम बारीक गाळात राहतं आणि ढीग लहान होतो. काळ्या रानात गाळच जास्त, वेगळं काढणार काय?

युरेनियमचं मात्र वेगळं आहे, ते बायकार्बोनेटच्या द्रावणात बऱ्यापैकी उतरतं. आंध्रातल्या तुम्मलपल्लेच्या खाणीत खडक चुनखडीचा आहे म्हणून तिथं ॲसिडऐवजी असाच अल्कली मार्ग वापरतात.

फुकुशिमात शेवटी बहुतेक ठिकाणी वरची ५ सेंटीमीटर माती खरवडूनच काढली. सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती साठवणीच्या जागी गेली, ती २०४५ पर्यंत जिल्ह्याबाहेर न्यायचं तिथल्या कायद्यात आहे. पिढ्यांनी कसलेल्या रानाची वरची माती अशी उचलून द्यायची, त्या शेतकऱ्यांचं काय झालं असेल हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

भातशेतीत कामाला आलं ते पोटॅश. जमिनीत पोटॅश भरपूर असलं की मुळं सीझियम कमी उचलतात, म्हणजे सीझियम मातीतच राहतं पण तांदळात फारसं येत नाही. आपल्याकडं असं काही झालंच तर मी आधी पोटॅशचाच विचार करीन, आणि थर काढायचा असेल तर त्याआधी रानात नांगर अजिबात घालायचा नाही, कारण एकदा खालवर झालं की ५ सेंटीमीटरच्या जागी फूटभर माती उचलावी लागते.