ईद मुबारक कधी म्हणायचं आणि कधी नाही

या वेळी आलेले प्रश्न जवळजवळ सगळे ईदचे आहेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवलेत. मी भवानी पेठेत वाढलेली, घरात दखनी आणि उंबऱ्याबाहेर पडलं की मराठी, त्यामुळे हे प्रश्न मला आयुष्यभर कुणी ना कुणी विचारत आलंय आणि मला ते आवडतं, कारण विचारणाऱ्याला समोरच्याचं मन जपायचं असतं म्हणूनच तो विचारतो.

प्रश्न : ताई, मी कोथरूडला राहतो, आयटीत आहे. टीममध्ये दोन मुस्लिम मुलं आहेत. रमजान ईदला ग्रुपवर ईद मुबारक टाकतो पण बकरी ईदला काय लिहायचं तेच कळत नाही, मागे एकाने शीरखुर्म्याच्या वाटीचा फोटो टाकला तर दुसरा म्हणाला अरे हे त्या ईदचं असतं. आणि त्यातला एक मुलगा उत्तरात "तकब्बल..." असं काहीतरी लांबलचक लिहितो, त्याचा अर्थ काय आणि त्यावर आपण काय म्हणायचं?

उत्तर : दादा, ईद मुबारक दोन्ही ईदला चालतं, बिनधास्त लिहा. मुबारक म्हणजे बरकतीचा, म्हणजे हा दिवस तुम्हाला बरकतीचा जावो एवढंच ते. शीरखुर्मा रमजान ईदचा खरा, पण आमच्याकडे बकरी ईदलाही सकाळी थोडा होतोच, तेव्हा त्या फोटोवाल्याची काही चूक नाही.

तो मुलगा जे लिहितो ते "तकब्बलल्लाहु मिन्ना व मिनकुम", म्हणजे अल्लाह आमच्याकडून आणि तुमच्याकडून कबूल करून घेवो. काय कबूल करायचं, तर महिनाभराचे रोजे, रात्रीची तरावीह म्हणजे रमजानातली खास नमाज, दिलेली जकात म्हणजे गरिबांसाठीचं दान, आणि बकरी ईदला कुर्बानी. पैगंबरांचे साथीदार ईदच्या दिवशी भेटले की एकमेकांना हेच म्हणायचे. मला स्वतःला ही शुभेच्छा कमी आणि दुआ जास्त वाटते, कारण तीस दिवस पहाटे उठून उपाशी राहिलेल्या माणसाच्या मनात ईदच्या सकाळी तीच एक धाकधूक असते की माझं हे सगळं पोचलं का. उत्तरात आमच्यात तेच वाक्य परत म्हणतात किंवा खैर मुबारक म्हणतात, तुम्ही नुसतं आमीन लिहिलंत तरी चालेल. आणि तुम्हाला माझं ऐकायचं असेल तर पुढच्या रमजान ईदला मराठीतच लिहा, "तुमचे रोजे कबूल होवोत". सोनेरी चंद्राचे फॉरवर्ड दिवसभरात शंभर येतात आणि न बघता डिलीट होतात, पण नाव घेऊन लिहिलेली ही एक ओळ माणूस घरी जाऊन आईला वाचून दाखवतो.

प्रश्न : आम्ही सिंहगड रोडला राहतो. समोरच्या फ्लॅटमधल्या भाभी दोन्ही ईदला आग्रहाने बोलावतात. आम्ही पूर्ण शाकाहारी. जायची इच्छा खूप आहे पण बकरी ईदला अवघडल्यासारखं होतं. कधी जावं, काय न्यावं?

उत्तर : काकू, आधी रमजान ईदचं सांगते कारण ते सोपं आहे. दूध, शेवया, खजूर किंवा खारीक, बदाम, पिस्ता, चारोळी आणि साजूक तूप, शीरखुर्म्यात एवढंच असतं. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी. तेव्हा पोटभर खा. फक्त फार सकाळी जाऊ नका, पुरुष माणसं नमाजला गेलेली असतात, कुणी गोळीबार मैदानाच्या ईदगाहवर तर कुणी जवळच्या मशिदीत, तिथून बरेचजण कब्रस्तानात जाऊन येतात, आणि बायकांची घरात नुसती धावपळ चाललेली असते. अकरानंतर किंवा सरळ संध्याकाळी जा, तेव्हा भाभीसुद्धा जरा टेकलेल्या असतील आणि निवांत बोलणं होईल.

बकरी ईदचा पहिला दिवस कामाचा असतो. त्या दिवशी नमाज जरा लवकर उरकतात कारण कुर्बानी नमाजनंतरच करायची असते, मग वाटे होतात, एक घरचा, एक नातेवाईक आणि ओळखीपाळखीच्यांचा, एक गरिबांचा, आणि ते पोचवण्यातच संध्याकाळ होते. तुम्ही दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी गेलात तरी ती ईदच असते, कुर्बानीसुद्धा आमच्याकडे तीन दिवस करता येते. 29 जून 2023 ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती ते आठवत असेल, तेव्हा राज्यात किती गावांतल्या मुस्लिमांनी आपणहून ठरवलं की आज कुर्बानी नको, उद्या करू. धर्मात ती मुभा आहे आणि शेजाऱ्यासाठी ती वापरली, मला त्या बातम्या वाचून रडू आलं होतं.

भांड्यांचं मनात येत असेल तर भाभींना स्पष्ट सांगा, आम्ही चहा आणि फळं घेऊ. खरंच वाईट वाटणार नाही, न येण्याचं वाटतं. नेताना मिठाई, फळं, अत्तराची छोटी बाटली, काहीही न्या, आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या हातावर ईदी ठेवा, दहा रुपयांची कोरी नोट असली तरी पोरं नाचतात.

प्रश्न : मी मूळ रत्नागिरी जिल्ह्यातला, शिकायला पुण्यात आलोय. यंदा पहिल्यांदाच ईदची नमाज इथे पढलो आणि फार गोंधळ झाला. पहिल्या रकातमध्ये (नमाजचं एक आवर्तन) मी सात तकबीर (अल्लाहु अकबर म्हणणं) धरून चाललो होतो तर इमाम साहेबांनी तीननंतर किरअत (कुराणपठण) सुरू केली. दुसऱ्या रकातमध्ये तर सुरुवातीला तकबीर झालीच नाही, आणि सूरह (कुराणातला अध्याय) संपल्यावर अल्लाहु अकबर ऐकून मी रुकूत (कमरेत वाकून) गेलो, बघतो तर आजूबाजूचे सगळे उभे. माझी नमाज झाली का? खूप लाज वाटली.

उत्तर : बेटा, लाज कसली. कोकणातले मुसलमान शाफई आहेत आणि पुण्यातल्या बहुतेक मशिदी हनफी, हे सुन्नींमधले दोन पंथ, ईदच्या नमाजची पद्धत दोन्हीकडे वेगळी आहे आणि हे तुला निघताना कुणी सांगितलं नाही, एवढंच झालंय. दोन रकात दोन्हीकडे, जास्तीच्या तकबीरमध्ये फरक. तुमच्याकडे पहिल्या रकातमध्ये सात आणि दुसऱ्यात पाच, दोन्ही वेळा किरअतच्या आधी. इथे तीन आणि तीन. पहिल्या रकातमध्ये सना, म्हणजे सुरुवातीची स्तुती, वाचली की तीन तकबीर, त्यातल्या पहिल्या दोन वेळा हात कानापर्यंत नेऊन खाली सोडायचे, तिसऱ्यांदा बांधायचे, मग अलहम्द, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, आणि सूरह. दुसऱ्या रकातमध्ये उलट, आधी किरअत पूर्ण होते आणि मग तीन तकबीर, तिन्ही वेळा हात सोडायचे, आणि चौथी तकबीर आली की रुकू. तू नेमका तिथेच फसलास कारण तुला सवय सूरह संपली की वाकायची. आमचे अब्बा ईदच्या आदल्या रात्री आम्हा पोरांना ओळीत उभं करून म्हणून घ्यायचे, "सोड, सोड, बांध... सोड, सोड, सोड, वाक". अजून माझे भाऊ सफमध्ये, म्हणजे नमाजच्या रांगेत, उभे राहिले की मनातल्या मनात हेच म्हणतात.

इमामाच्या मागे उभं राहिलं की इमामाबरोबर चालायचं, शाफई माणूस हनफी इमामाच्या मागे असेल तर त्याने तीनच म्हणाव्यात, राहिलेल्या चार कुठे गेल्या ते शोधत बसू नये. या जास्तीच्या तकबीर तुमच्याकडे सुन्नत आहेत, सक्तीच्या नाहीत, त्या सुटल्याने नमाज मोडत नाही. चुकून आधी वाकलास आणि लक्षात आल्यावर परत उभा राहून इमामाबरोबर पुढे गेलास ना, मग मनाला लावून घेऊ नकोस, तरी हुरहुर राहिलीच तर तुझ्या गावच्या इमाम साहेबांना फोन कर, त्यांना तुझी पद्धत माहितीये.

आणखी दोन गोष्टी. ईदच्या नमाजला अजान नसते, इकामत म्हणजे नमाज उभी राहतानाची हाकही नसते, त्यामुळे ऐकू आलं की निघू असं करू नको, वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन बस. आणि जुम्म्याचा म्हणजे शुक्रवारचा खुतबा, इमामांचं प्रवचन, नमाजच्या आधी असतो, ईदचा नंतर. सलाम फिरवून नमाज संपली की निम्मी माणसं उठून गळाभेटी सुरू करतात, तू बसून खुतबा ऐक. मला याचं फार वाटतं, वर्षातून दोनदा तर असतो तो. रमजान ईदला निघण्याआधी एक, तीन, पाच असे विषम खजूर खाऊन निघ, बकरी ईदला मात्र नमाज होईपर्यंत काही खाऊ नको, आणि जाताना एका रस्त्याने, येताना दुसऱ्या. त्याने शहरही बघून होईल तुझं.

प्रश्न : मी ऑफिसात एका मॅडमना "हॅपी मोहरम" असा मेसेज पाठवला, त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. सुट्टी होती म्हणजे सण असणार असं वाटलं. माझं काय चुकलं?

उत्तर : सुट्टी दिसली की सण, असं सगळ्यांचंच होतं, पण मोहरमची दहा तारीख, आशूरा, हा शोकाचा दिवस आहे. सन 680 मध्ये करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन त्यांच्या घरच्यांसकट आणि मूठभर साथीदारांसकट मारले गेले, त्याआधी त्यांचं पाणी तोडलं होतं, तान्ही मुलं तहानेने तळमळत होती. म्हणून तर मोहरममध्ये रस्त्यावर सबील लावून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी आणि सरबत देतात. महाराष्ट्रात ताबूत हिंदू-मुस्लिम मिळून काढत आलेत, कडेगावचे उंच ताबूत बघायला अजून लांबून लोक जातात, ढोलताशे असतात त्यामुळे उत्सव वाटणं साहजिक आहे. मॅडमना जाऊन सांगा की मला माहीत नव्हतं, त्या समजून घेतील. आणि पुढच्या वेळी कुणी सबीलवर ग्लास पुढे केला तर थांबून प्या, वेगळं काही म्हणायला नको.

प्रश्न : ईदची सुट्टी नक्की कधी हे आधी का सांगत नाहीत? आम्हाला गावी जायचं बुकिंग करायचं असतं.

उत्तर : चांद दिसल्याशिवाय महिना संपत नाही, आणि महिना 29 चा की 30 चा हे 29 व्या संध्याकाळीच कळतं. आमचं चांद्र वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं असल्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येते, 2023 ला 22 एप्रिल, 2024 ला 11 एप्रिल, 2025 ला 31 मार्च. बकरी ईद मात्र महिन्याच्या दहा तारखेला असते त्यामुळे ती नऊ-दहा दिवस आधी पक्की होते. रमजान ईदला एक दिवस हाताशी ठेवूनच बुकिंग करा.

प्रश्न : ताई, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण कोंढव्यात राहते. तिची अम्मी रमजानच्या आधी गेली. दरवर्षी मी ईदला तिच्याकडे जाते, अम्मीच वाढायच्या. यंदा ईद मुबारक म्हणू का? जाऊ का?

उत्तर : जा. नक्की जा. आपल्याकडे घरात कुणी गेलं की पहिल्या दिवाळीला त्या घरी फराळ होत नाही, आणि मग नातेवाईक, शेजारी आपल्या घरचा डबा घेऊन जातात, तसंच समज. आमच्या धर्मात शोक तीन दिवसांचा, फक्त नवरा गेला तर बाईसाठी चार महिने दहा दिवस, त्यामुळे ईद करू नये असं काही नाही, नमाज होते, नवीन नाही तरी धुतलेले कपडे घालतात. पण नमाजहून घरचे पुरुष कब्रस्तानात फातिहा, म्हणजे गेलेल्यांसाठीची दुआ, पढून परत येतात तेव्हा त्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. माझी अम्मी गेली त्या ईदला दिवसभर फोन वाजत होता, मुबारक, मुबारक, आणि मी खैर मुबारक म्हणून म्हणून थकले होते.

म्हणून सकाळी मेसेज नको आणि स्टिकर तर नकोच. दुपारनंतर काहीतरी घरी केलेलं घेऊन जा. दारात जवळ घे तिला. बोलायचंच असेल तर "अल्लाह अम्मींची मगफिरत करो", म्हणजे त्यांना क्षमा करो, हे म्हण, तुझ्या तोंडून तिला ते खूप आवडेल. नाहीतर आपल्या मराठीत म्हण, अम्मींची आठवण येतेय गं. आणि तिने शीरखुर्मा केला असेल तर वाटी रिकामी कर, दुसऱ्यांदा माग, आणि अम्मी त्यात खारीक किती वेळ भिजवायच्या ते विचार, तिला ते कुणाला तरी सांगायचं असेल.