शाळेसाठी घरपट्टी वाढवायची का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की शहराच्या कडेला जे नवीन भाग वाढलेत तिथे महापालिकेने स्वतःच्या शाळा काढाव्यात आणि त्यासाठी घरपट्टीतला शिक्षण कर थोडा वाढवला तरी माझी हरकत नाही. त्यावर खूप पत्रं आली, निम्मी तरी रागावलेली. त्यातले चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न: ताई, मी ७१ वर्षांचा आहे, पेन्शनवर घर चालतं. मुलं केव्हाच शिकून कामाला लागली, नातवंडं प्रायव्हेट शाळेत जातात. बिलात आधीच दोन-दोन शिक्षण कर आहेत, परत तिसऱ्यांदा खिशात हात का घालताय?

काका, आधी ते दोन कर काय आहेत ते सांगते कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. बिलावर सामान्य कर, वृक्ष कर, अग्निशामक कर अशी लांबलचक यादी असते, त्यात एक असतो "शासन शिक्षण कर". हा १९६२ च्या कायद्याने आलेला राज्य सरकारचा कर आहे, महापालिका तो फक्त गोळा करते आणि सरकारकडे भरते, त्यातून तुमच्या वॉर्डात शाळा बांधायची म्हटलं तर पालिकेच्या हातात काही नसतं. दुसरा जो मनपा शिक्षण कर किंवा शिक्षण उपकर म्हणून येतो तो पालिकेचा स्वतःचा. मी वाढवा म्हणतेय तो हा दुसरा. आणि वाढ म्हणजे किती, तर समजा तुमच्या घराचं करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कर मोजतात ती, २०,००० रुपये धरलंय आणि कर या मूल्याच्या २ टक्के इतका वाढला, तर वर्षाला ४०० रुपये जास्त. पेन्शनवाल्याला ४०० रुपयेही जड जाऊ शकतात हे मला मान्य आहे, मी त्याला किरकोळ म्हणणार नाही. पण मग मागणी अशी करा ना, की लहान घरांना, ज्येष्ठांना या वाढीतून सूट द्या. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करच माफ केलाय, म्हणजे ठरवलं तर लहान घरांना वेगळं वागवता येतं. शाळाच नको असं म्हणणं ही वेगळी गोष्ट झाली.

आता "माझी मुलं शिकली, मी का भरू" याबद्दल. तुमची मुलं शिकली तेव्हा त्यांच्या शाळेचा खर्च नुसत्या तुमच्या फीमधून नव्हता हो निघाला, अनुदानित शाळा असेल तर शिक्षकांचे पगार सरकारने दिले, म्हणजे ज्यांना मुलंच नव्हती अशांनीही त्यात भर घातली. आणि याहून जुनी गोष्ट आहे. १८६३ पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घ्यायचे आणि त्यातला एक तृतीयांश शिक्षणासाठी असायचा. पैसे शेतकऱ्याचे, आणि शाळा मात्र बहुतेक गावांत नाहीच. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे, म्हणजे इंग्रज सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, महात्मा फुल्यांनी हेच मांडलं, की सरकारी तिजोरीत भर घालतो रयतेचा घाम आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, म्हणून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. तुमच्या घरी भांडी घासायला येणारी बाई जिथे भाड्याने राहते त्या घराचीही पट्टी भरली जाते काका, आणि तिच्या मुलाला चालत जाता येईल अशी पालिकेची शाळा नसेल तर फुल्यांची तक्रार आजही तशीच उभी आहे. मला हे फार टोचतं म्हणून जरा जास्त लिहिलं.

एक मात्र कराल. रागाने बिल भरायचं थांबवू नका, थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते आणि ती ४०० रुपयांपेक्षा केव्हा मोठी होते कळत पण नाही.

प्रश्न: आम्ही पाच वर्षांपूर्वी शहराच्या टोकाला फ्लॅट घेतला. आजूबाजूला टॉवर्सच टॉवर्स, महापालिकेची शाळा एकही नाही, प्रायव्हेटची फी झेपत नाही. घरपट्टी वाढली तर आम्ही भरू, पण शाळा होईलच याची गॅरंटी काय? आणि जाऊन कोणाला काय विचारायचं?

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण भरायला तयार आहे पण हिशेब द्या असं म्हणणारा माणूस पालिकेला सगळ्यात जास्त अडचणीत आणतो, आणतो म्हणजे चांगल्या अर्थाने.

गॅरंटी आपोआप मिळत नाही, ती मागून घ्यावी लागते. मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात बरीच वर्षं काम केलं, गाव सांगत नाही, तिथे एका वर्षी बजेटमध्ये शाळेच्या इमारतीसाठी तरतूद झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि वर्ष संपायच्या आत त्याच पैशाचं वर्गीकरण होऊन ते रस्त्याच्या कामाला गेले. वर्गीकरण म्हणजे एका कामाचे पैसे ठराव करून दुसऱ्या कामाला वळवणं. बेकायदेशीर नव्हतं, सगळं कागदोपत्री नीट होतं, फक्त शाळा झाली नाही. त्या फाईलवर माझ्या हाताने नोंद घेतलेली मला अजून आठवते. म्हणून माझी पहिली अट हीच, की वाढीव कराचं लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातलं खातं, वेगळं ठेवा आणि त्यातून वर्गीकरण करणार नाही असं कर वाढवायच्या ठरावातच लिहा. नुसतं भाषणात सांगून उपयोग नाही.

वेळ पण महत्त्वाची आहे. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. लोक एप्रिलमध्ये बिल हातात आलं की बोलायला लागतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. तुम्ही डिसेंबर-जानेवारीतच निवेदन द्या, सोसायट्यांनी मिळून द्या, त्यात कायदा लिहा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि आपल्या राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असली पाहिजे. ही सोय करायची जबाबदारी सरकारवर आणि पालिकेवर आहे, म्हणजे तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात.

मग जागा. इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या असं मी म्हणेन, कारण इमारत नंतरही बांधता येते पण गेलेली जागा परत येत नाही. नगररचना विभागात जा आणि तुमच्या भागाचा विकास आराखडा, डीपी, बघायला मागा, त्यात प्राथमिक शाळेचं आरक्षण कुठल्या सर्व्हे नंबरवर आहे ते शोधा. नाही दाखवला तर माहिती अधिकारात अर्ज करा. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि पालिकेने ती जागा घेतली नाही तर मालक एमआरटीपी कायद्याच्या, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या, कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. मग तिथे अजून एक टॉवर. खूप शहरांत शाळांच्या जागा अशाच गेल्या आहेत. जागा घ्यायला दरवेळी रोख पैसेच लागतात असं पण नाही, मालक तयार असेल तर टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन घेता येते, म्हणून "फंड नाही" हे उत्तर जागेच्या बाबतीत लगेच मान्य करू नका.

आणि शिक्षक! इमारत एकदाच बांधायची असते, पगार दर महिन्याला द्यायचा असतो. किती पदं मंजूर ते पटावरून, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या संख्येवरून, संचमान्यतेत (शिक्षकांची पदं मंजूर करायच्या सरकारी प्रक्रियेत) ठरतं, पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक हे कायद्यातलं प्रमाण आहे, पण पद मंजूर होणं आणि माणूस प्रत्यक्ष वर्गात येणं यात वर्षं जातात. तोवर शाळा रिकामी राहिली की पालक मुलं काढतात, पट घसरतो, मग पदंही घटतात, असं ते चक्र आहे. म्हणून वाढीव करातला काही भाग पहिल्या वर्षांच्या शिक्षकांसाठी बाजूला ठेवा अशी मागणी करा, सगळा पैसा सिमेंटमध्ये घालू नका.

प्रश्न: भाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो तिकडे शाळा घरांवरच्या टॅक्सवरच चालतात आणि एकदम भारी असतात. आपण पण तसंच करावं ना, ज्या वॉर्डाची घरपट्टी त्या वॉर्डाच्या शाळेला. आमच्या वॉर्डातून सगळ्यात जास्त वसुली होते.

भाऊ सांगतो ते खरं आहे पण अर्धं. तिकडे शाळांचा बराच मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो, आणि म्हणूनच महागड्या घरांच्या भागातल्या शाळा भारी असतात आणि दोन मैलांवरच्या नसतात. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराची केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. एजवूड हा गरीब वस्तीचा शाळा-जिल्हा (तिकडे शाळा चालवायला शहराचे असे वेगळे भाग पाडलेले असतात), तिथले लोक मालमत्तेच्या दर १०० डॉलरमागे १.०५ डॉलर कर भरत होते. शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये दर होता ०.८५ डॉलर. म्हणजे गरीब भाग जास्त दराने कर भरत होता. आणि राज्याच्या योजनेतला स्थानिक वाटा भरून उरलेले पैसे बघितले तर एजवूडला मुलामागे २६ डॉलर, अलामो हाइट्सला ३३३. घरंच स्वस्त, तर दर कितीही वाढवा, येणार किती? १९७३ मध्ये कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ती पद्धत घटनाबाह्य नाही असं ठरवलं, पण पालकांचं गाऱ्हाणं खोटं होतं असं त्यामुळे होत नाही.

तुमच्या वॉर्डाची वसुली जास्त आहे कारण तिथे ऑफिसं, दुकानं आणि मोठे फ्लॅट आहेत. त्या ऑफिसांत झाडू मारणारी, सिक्युरिटीवर बसणारी, डबे पोचवणारी माणसं राहतात दुसऱ्या वॉर्डात, आणि मुलं पण तिकडेच आहेत. कर सगळ्या शहराचा एकत्र गोळा व्हावा आणि जिथे मुलं आहेत तिथे खर्च व्हावा, यावर मी अजिबात मागे हटणार नाही.

खरं तर हा वाद आपल्याला नवा नाही. नामदार गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं, त्यात स्थानिक संस्थांनी शिक्षणासाठी कर बसवावा आणि एकूण खर्चाचा एक वाटा त्यांनी, दोन वाटे सरकारने उचलावा असंच होतं. मला ती वाटणी आजही शहाणपणाची वाटते, कारण लोकांनी काही द्यायचं म्हणजे त्यांचं लक्ष राहतं आणि सरकारने जास्त द्यायचं म्हणजे गरीब गाव मागे पडत नाही. पुढच्या वर्षी ते बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणलंच, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

प्रश्न: मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या शाळेचा पट कमी होतोय, शेजारची शाळा आमच्यात विलीन केली. असलेल्या शाळा बंद पडतायत आणि तुम्ही नवीन काढायला सांगता?

बाई, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. तुमची शाळा बहुतेक जुन्या गावठाणात असणार, तिथली तरुण कुटुंबं घरं लहान पडली म्हणून बाहेर गेली, मुलं पण गेली. शाळा तिथेच राहिली. कडेच्या भागात उलटं झालंय. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पण नुसतं एवढंच नाही हे तुम्हालाही माहीत आहे. पालकांना शाळा चांगली वाटली तर ते येतात. मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये सीबीएसई बोर्डाच्या शाळा सुरू केल्या तेव्हा जागांपेक्षा अर्ज जास्त आले, लॉटरी काढावी लागली. (बोर्डामुळेच शाळा चांगली होते असं मला वाटत नाही, मराठी माध्यमाला तेवढंच लक्ष दिलं असतं तर काय झालं असतं हा विचार सारखा येतो.) तेव्हा वाढीव कराचा पैसा फक्त नव्या इमारतींना नको, तुमच्या शाळेतली संडास-पाण्याची सोय, रिकामं पद, गळकं छप्पर हे पण त्यात धरायला हवं. आणि विलीनीकरण करताना पहिलीतलं मूल मोठा रस्ता ओलांडून चालत येऊ शकतं का, हे कागदावर न बघता एकदा त्या मुलाबरोबर चालून बघायला सांगा तुमच्या प्रशासन अधिकाऱ्यांना. तुम्ही त्या रस्त्यावरून रोज जाता, किती मिनिटं लागतात आणि कुठे थांबावं लागतं ते मला लिहून पाठवा, शाळेचं नाव न घालता पुढच्या अंकात छापते.