ठेका द्यावा की स्वतः उभं राहून करून घ्यावं?

सांगलीच्या गावभागातल्या एका हायस्कूल शिक्षकांचा प्रश्न आहे. १९८८ चं बैठं घर, गच्ची गळते, २०१९ च्या पुरानंतर भिंतींची ओल अजून हटत नाही. वॉटरप्रूफिंग, दोन बाथरूम, नवं वायरिंग, गिलावा, फरशी असं काम आहे. ठेकेदार मटेरियलसह १० लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११ लाख ८० हजार सांगतो. ४ लाख आधी मागतो, आणि बिल नको असेल तर '१० लाखांतच करतो' म्हणतो. गवंडी, प्लंबर, वायरमन वेगवेगळे लावले तर ९ लाखांत बसेल असा सरांचा अंदाज. बचत खात्यात साडेचार लाख आहेत. १० लाखांची पाच वर्षांची एफडी आहे, तिला चार वर्षं होऊन गेलीत. ठेका द्यावा का, आणि एफडी मोडावी का?

सर, ठेका द्या. पण त्याच्या अटींवर नको.

तुमच्या ९ लाखांत उभं राहणारा माणूस धरलेला नाही. मार्चमध्ये तुम्ही दहावीचे पेपर तपासणार, मग दारात आलेल्या ट्रॉलीत वाळू खरंच एक ब्रास आहे का, हे कोण बघणार? मी स्वतः हे करून बसलोय. बाथरूम नवं केलं आणि तीन महिन्यांत मागच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली. प्लंबर म्हणे फरशीवाल्याने पाइप दुखावला, फरशीवाला म्हणे जॉइंटच कच्चा होता. दोघांचे पैसे देऊन झालेले. शेवटी कोऱ्या टाइल्स माझ्याच खर्चाने फोडल्या. ठेकेदाराला जादा पैसे देतो ते या भांडणातून सुटण्यासाठी.

म्हणूनच बिल हवं. बिलाशिवायचं काम गळलं तर त्याने ते केलं हे दाखवणार कसं? जीएसटी नंबर पोर्टलवर तपासा. नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी लावताच येत नाही. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. दर त्याआधीचे असतील तर नवे मागा.

कोटेशनमधलं ८० हजारांचं पीओपी आणि पुट्टी आधी खोडा. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! ओल धरणाऱ्या भिंतीवरची पुट्टी पापुद्र्यासारखी सुटते. त्यापेक्षा बोर्ड आणि बटणं जुन्या पुराच्या खुणेच्या वर घ्यायला सांगा. पीओपी-पुट्टीचे ८० हजार आणि त्यावरचा जीएसटी जाऊन खर्च साधारण १० लाख ८६ हजार होईल.

४ लाख आधी अजिबात नाही. सुरुवातीला १ लाख. पुढचा हप्ता गच्चीवर पाणी कोंडून, दोन दिवस ठेवून, खालचा स्लॅब कोरडा दिसल्यावर. मग पाइप-वायरिंग, मग गिलावा आणि फरशी. फरशीचा हप्ता देण्याआधी एक रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइल वाजवा. पोकळ आवाज आला की खाली माल भरलेला नाही. शेवटचा १ लाख मात्र काम संपल्यावर लगेच सगळा नाही. निम्मा चावी घेताना, निम्मा एक पावसाळा जाऊ दे, दिवाळीत. कुरकुरेल, पण चांगला ठेकेदार हे मान्य करतो. 'जादा काम' एका वहीत, दरासह, दोघांच्या सहीने.

आता एफडी. मोडू नका. मुदतीआधी मोडली की बहुतेक बँका व्याजातून एखादा टक्का कापतात. चार वर्षांचे, १० लाखांवर, ढोबळ ४० हजार गेले. त्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तसे पैसे उचलायची सोय. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज, तेही जेवढं उचलाल तेवढ्यावरच. हप्ते टप्प्याटप्प्याने जाणार असल्याने हे अगदी जुळतं. बचतीतले अडीच लाख घाला, दोन लाख घरखर्चासाठी ठेवा, उरलेले सव्वाआठ-साडेआठ लाख ओव्हरड्राफ्टमधून. एफडी पिकेपर्यंतचा जादा भुर्दंड १५ हजारांच्या आसपास, त्याहून कमीच. कर वाचेल म्हणून कर्ज काढायचा विचार सोडा: नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही, जुन्यातही दुरुस्तीसाठी ३० हजारांपर्यंतच.

आधी बँकेत जाऊन ओव्हरड्राफ्टची मर्यादा लेखी घ्या. तोवर ठेकेदाराला बयाणा म्हणून पाच हजारही देऊ नका.