वॉर्ड बदलून मागितला तर मी स्वार्थी ठरेन का?

मिरजेत दवाखाने पुष्कळ, पार बेळगाव-विजापूरकडचे पेशंटही इथं येतात. त्यामुळे माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांत स्टाफ नर्सही असतात. बहुतेकींची काळजी एकच: पेशंटचा आजार आपल्यामुळे घरी गेला तर? त्यातल्या एकीची गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत बदलून, सांगते.

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या वॉर्डात तिची ड्युटी लागली होती. घरी लहान मुलगी. सासूबाई म्हणत होत्या, "नोकरी सोड, पण हे घरात आणू नकोस." तिला मात्र वेगळंच खात होतं. "मॅडम, वॉर्ड बदलून मागितला तर मी स्वार्थी ठरेन का? आम्ही शपथ घेतलीय."

भीती वाटली म्हणून शपथ मोडत नाही, हे तिला आधी सांगितलं. मग तिची ड्युटी सकाळपासून उलगडत गेलो. एन-९५ मिळतो? मिळतो, पण चेहऱ्याला नीट बसतो का, ते कुणी पाहिलेलं नाही. पेशंट मास्क लावतात? राउंडपुरता. खिडक्या? थंडीत बंद. थुंकीचा नमुना? वॉर्डातच, कॉटवर बसून. बोलता बोलता तीच थांबली. "यातलं बरंच बदलता येईल की."

आणखी एक गोष्ट सांगितली. निदान होऊन लागू पडणारी औषधं सुरू झाली की पेशंटकडून होणारा संसर्ग कमी होत जातो. मला खरी भीती वाटते ती निदान न झालेल्यांची, आणि ते जनरल वॉर्डातही खोकत असतात. केरळात २०१८ मध्ये निपाहनं गेलेल्या सिस्टर लिनी पुथुसेरी यांनी ज्या पेशंटची शुश्रूषा केली, त्याला निपाह आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

तरीही मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा दिवस गेले असतील, तर ड्युटी बदलून जरूर मागावी. मास्कच मिळत नसेल तर लेखी मागावा. ती अंगचोरी नव्हे. आणि सुई टोचली तर ओरडा बसेल म्हणून लपवू नये; एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावं लागतं.

तिनं इन्चार्ज सिस्टरना लेखी दिलं. नमुने बाहेर मोकळ्या हवेत घ्यायला लागले. ती त्याच वॉर्डात राहिली, स्वतः ठरवून.

पुढच्या वेळी सासूबाईंनाही घेऊन आली. त्यांनी थेट विचारलं, "पोरीला जवळ घ्यायचं का नाही हिनं?" घ्यायचं. टीबी हवेतून पसरतो, कपड्यांतून किंवा भांड्यांतून नाही. मात्र खोकला रेंगाळला, ताप आला किंवा वजन घटलं, तर तपासणी लगेच.