सुरुवात ‘कोबाल्ट ब्लू’पासून कर

समलिंगी प्रेमाच्या कादंबऱ्या वाचायच्या म्हणतोयस, तर आधी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ घे. २००६ सालची, मूळ मराठीच. भाऊ-बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. अर्धी गोष्ट तनय सांगतो, अर्धी अनुजा. तनयचा भाग संपला की मध्ये एक रात्र जाऊ दे. निघून गेलेल्या माणसाशी तो ‘तू’ म्हणून बोलत राहतो, ते मला अजूनही पेलत नाही.

मग डग्लस स्टुअर्टची इंग्रजी कादंबरी ‘शगी बेन’. २०२० चं बुकर पारितोषिक हिलाच मिळालं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या बोलीतले संवाद सुरुवातीला अडतील. पण तू अहिराणीत वाढलास, मोठ्याने वाच, कानाला कळतील. दारूत बुडालेल्या आईला सांभाळणारा तो पोरगा मला परका वाटलाच नाही. अशी घरं चाळीसगावात आहेत, साक्रीतही आहेत.

समलिंगी पात्राला फक्त रडवायला मारून टाकणारी पुस्तकं मला पटत नाहीत. ती अर्ध्यावर सोडलीस तरी चालेल.

घरी कुणी विचारेल अशी धास्ती असेल, तर पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घाल आणि दुपारी वाचनालयात बस.